दिनमान न पाळणारी भांग

भांगेच्या झाडाचा एक प्रकार असा आहे की, दिवस मोठा असो वा लहान, पेरणीनंतर चार-पाच आठवडे लोटले की तो फुलावर येतोच. बियाण्याच्या व्यापारात या प्रकाराला ‘ऑटोफ्लॉवर’ असे नाव पडले आहे. मराठीत त्यास ‘आपोआप फुलणारी भांग’ म्हणता येईल. थोड्या दिवसांत तयार होणारे पीक, ठेंगणे झाड आणि नवख्यालाही साधणारी लागवड असे तिचे गुण सांगितले जातात. ते ऐकून एखादा होतकरू शेतकरी ग्रामकार्यकर्त्यास विचारतो की, हे बी आपल्या रानात पेरून पाहिले तर हरकत कोणती? ‘कायद्याची हरकत आहे’ एवढे एकच वाक्य बोलून कार्यकर्ता मोकळा झाला, तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. तो तोच प्रश्न दुसऱ्या कोणास तरी विचारतो, आणि तो दुसरा बहुधा बियाणे विकणाराच असतो. म्हणून कायदा काय आहे हे तर सांगावेच. परंतु हे झाड आहे तरी कसे, आपोआप फुलण्याचा गुण त्यात कोठून आला, तो कोणत्या देशातील शेतकऱ्यास उपयोगी पडला आणि आपल्या प्रदेशात त्याला किंमत का नाही, हेही समजावून द्यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

कायदा काय सांगतो

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम ८ अन्वये भांगेच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. हा नियम मोडणाऱ्यास कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अधिनियमाने भांगेच्या झाडाची व्याख्या करताना त्या प्रजातीचे कोणतेही झाड असे म्हटले आहे. झाड ठेंगणे की उंच, नशेचे द्रव्य त्यात कमी की जास्त, ते आपोआप फुलते की ऋतू पाहून फुलते, असा भेद त्या व्याख्येत नाही. ‘या वाणात नशा नाही, म्हणून हे चालते’ असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये.

दाण्याविषयी मात्र गैरसमज होण्यास थोडी जागा आहे. शेंड्याशिवाय सुटे असलेले बी आणि पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. शिवाय भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली भांगेचा दाणा, त्याचे तेल व पीठ यांना ठराविक मर्यादेत अन्न म्हणून मान्यता दिली आहे. त्यामुळे दुकानातून दाणा आणून खाणे वेगळे आणि तोच दाणा मातीत टाकणे वेगळे, हे शेतकऱ्यास स्पष्ट करून सांगावे. दाणा पेरून झाड उगवले की ती लागवड झाली.

तंतू किंवा बी मिळविण्याच्या औद्योगिक हेतूने लागवडीस परवानगी देण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. तिचा आधार घेऊन उत्तराखंड राज्याने २०१८ साली परवान्याने अशी लागवड सुरू केली. त्याचा विचार पुढे येईल.

फुलोऱ्याचे घड्याळ

झाड केव्हा फुलावे हे कशावरून ठरते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास भांगेच्याच झाडाने मदत केली आहे, ही माहिती पुष्कळांना नवी वाटेल. फ्रान्समधील तूर्न्वा नावाचा संशोधक विसाव्या शतकाच्या आरंभी भांग आणि हॉप या दोन झाडांवर प्रयोग करीत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांग अगदी लहान असतानाच फुलते, असे त्याला आढळले. उष्णतेने किंवा ओलाव्याने याचा खुलासा होईना. १९१२ ते १९१४ या काळात त्याने असे अनुमान काढले की, दिवस लहान होणे, किंबहुना रात्र मोठी होणे, हेच याचे कारण असावे. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीच तो मारला गेला आणि ते काम तेथेच थांबले. पुढे १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी तंबाखूच्या व सोयाबीनच्या प्रयोगांवरून हाच सिद्धांत पुरतेपणी मांडला. त्यांच्या हाती तंबाखूचे एक वाण आले होते. ते उन्हाळाभर नुसते वाढतच राही आणि फुलण्याचे नाव घेत नसे. रोज ठराविक वेळी त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस तोकडा केला, तेव्हा ते फुलले.

या शोधानंतर वनस्पतींचे तीन वर्ग पाडण्यात आले. दिवस एका मर्यादेपेक्षा लहान झाला की फुलणाऱ्या त्या ऱ्हस्वदिन वनस्पती. सोयाबीन, बहुतेक तुरी आणि शेवंती या वर्गातील होत. दिवस मोठा होत गेला की फुलणाऱ्या त्या दीर्घदिन वनस्पती. गहू व जवस हे त्या वर्गातील. आणि दिनमानाची पर्वा न करता आपले वय झाले की फुलणाऱ्या त्या दिनमान-निरपेक्ष वनस्पती. झाड खरे पाहता दिवस मोजीत नाही, रात्र मोजते. शेवंतीचे व्यापारी उत्पादन घेणारे बागायतदार याचाच फायदा घेतात. रात्रीच्या मध्यास काही वेळ दिवे लावले की रोपाला लांब रात्र मिळत नाही आणि ते पानातच राहते; काळा कपडा ओढून रात्र लांबविली की त्यास कळी येते. ज्यांनी अशी हरितगृहे पाहिली असतील त्यांना हा विषय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

साधारण भांग ही ऱ्हस्वदिन वनस्पती आहे. युरोपातील तंतूच्या वाणांत ही मर्यादा सुमारे १४ तासांची आढळते. दिवस त्याहून मोठा असेतोवर झाड फुलण्याचे लांबविते आणि उंची वाढवीत राहते. तंतू हवा असणाऱ्यास ते सोयीचेच आहे, कारण उंच कांड्यात लांब तंतू मिळतो. अडचण येते ती दाणा हवा असणाऱ्यास, आणि तीही अति उत्तरेस राहणाऱ्यास.

उत्तरेकडची जात

फिनलंडच्या मध्यभागी जून महिन्यात दिवस १९ ते २० तासांचा असतो. तेथे तो १४ तासांवर येतो तो ऑगस्ट सरून सप्टेंबर लागताना. त्या वेळी साधारण भांगेस पहिली फुले यावीत आणि पाठोपाठ हिमतुषार पडून झाड करपावे, असा प्रकार होई. दाणा भरण्यास लागणारे पाच-सहा आठवडे तेथील ऋतू देतच नाही.

निसर्गाने या अडचणीवर स्वतःच एक तोड काढलेली होती. १९२४ साली रशियातील यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने व्होल्गा नदीच्या खोऱ्यात उकिरड्यावर व पडीक जमिनीवर उगवणाऱ्या रानटी भांगेचे वर्णन केले. ही भांग खुजी, फांद्या कमी असलेली, आणि लवकर फुलणारी होती. तिचा दाणा लहान असून पिकताच गळून पडे. थोडक्या उन्हाळ्यात आयुष्य उरकण्यासाठी या जातीने दिवसाकडे पाहण्याचेच सोडून दिले होते. आज ‘आपोआप फुलणारी’ म्हणून जी बियाणी विकली जातात, त्यांतील पुष्कळांचे मूळ अशा रानटी भांगेशी केलेल्या संकरात आहे.

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे वाण याहून वेगळ्या वाटेने निघाले. रशियातील व्हॅव्हिलोव्ह संस्थेच्या संग्रहातून उत्तरेकडील स्थानिक वाणांचे बी फिनलंडमध्ये नेण्यात आले आणि १९९५ सालापासून त्यातून निवड होत होत ‘फिनोला’ हे वाण तयार झाले. ते केवळ दाण्यासाठी आहे. झाड साधारण दीड मीटर उंच होते, नशेचे द्रव्य अत्यल्प असते, आणि पेरणीपासून सुमारे १०० ते १२० दिवसांत दाणा हाती येतो. कॅनडाने १९९८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवान्याने मोकळीक दिली. तेव्हा तेथील सॅस्कॅचवान, अल्बर्टा व मॅनिटोबा या गवताळ प्रांतांत या ठेंगण्या वाणाला चांगली जागा मिळाली. कारण उंच भांगेचे चिवट कांडे कापणीयंत्राच्या दांड्यांभोवती गुंडाळून यंत्र बंद पाडते, तो त्रास येथे कमी झाला.

तेथील लागवड कशी होते

ही पद्धत येथे द्यावयाचे कारण असे की, तिच्यातील पुष्कळ गोष्टी आपल्या अल्पमुदतीच्या पिकांना तंतोतंत लागू पडतात.

जमीन निचऱ्याची, मध्यम पोताची व भुसभुशीत निवडतात. माती आठ ते दहा अंश सेल्सिअसपर्यंत तापली की मे महिन्याच्या उत्तरार्धात यंत्राने थेट पेरणी होते. बी दीड ते अडीच सेंटिमीटर खोलीवर पडावे असा कटाक्ष असतो. दाणा लहान आणि कवच नाजूक असल्यामुळे खोल पडलेले बी वर येत नाही आणि यंत्राच्या घासणीने तडकलेले बी उगवत नाही. दाण्याच्या पिकास हेक्टरी २० ते ३० किलो बी वापरतात. पीक नत्राचे खादाड आहे. जमिनीच्या मगदुराप्रमाणे हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र दिल्याखेरीज दाणा भरत नाही. ‘हे तण आहे, कशावरही येते’ ही समजूत तेथील पहिल्या वर्षाच्या शेतकऱ्यांनाही महागात पडली आहे. तण म्हणून उगवणे वेगळे आणि पीक म्हणून उतारा देणे वेगळे.

नवख्याचे सर्वात मोठे नुकसान होते ते पहिल्या तीन-चार आठवड्यांत. याचे कारण झाडाच्या घड्याळात आहे. ऋतू पाहून फुलणाऱ्या झाडाचा लहानपणी काही खोळंबा झाला, पाऊस तुंबला, पपडी धरली, तण माजले, तरी पुढे दिवस मोठे असतील तर ते झाड भरपाई करून घेते. फुलण्यापूर्वी वाढण्यास त्यास अवधी असतो. आपोआप फुलणाऱ्या झाडास हा अवधी नाही. ते रोप वीतभर असले तरी आपला दिवस आला की फुलणार. मग उरते खुरटे झाड आणि चार दाणे. म्हणून रोपे तयार करून पुनर्लागण करण्याची पद्धत या पिकास सहसा वापरीत नाहीत. मुळे दुखावल्याने जे आठ-दहा दिवस वाया जातात, ते परत मिळत नाहीत. वापसा पाहून पेरणी, पपडी फोडणे, पहिल्या महिन्यात रान तणमुक्त ठेवणे आणि पाणी तुंबू न देणे, एवढी चार कामे वेळेवर झाली नाहीत, तर पुढे दिलेले खतपाणी वाया जाते. भांगेच्या कोवळ्या रोपास उभे पाणी मुळीच सोसत नाही. दोन दिवस तुंबलेल्या वाफ्यातील रोपे पिवळी पडून बसतात.

भांगेत नर आणि मादी झाडे निराळी असतात. नर झाडे परागकण उडवून वाळून जातात आणि दाणा फक्त मादीवर धरतो. सगळा दाणा एकाच वेळी पिकत नाही. शेंड्याचा हिरवा असतो तोवर खालचा गळू लागतो, त्यात पाखरांचा उपद्रव असतोच. म्हणून साधारण सत्तर टक्के दाणा पिकला की, ओलावा १२ ते १८ टक्के असतानाच कापणी करतात. हा ओला, तेलकट दाणा ढीग मारून ठेवला तर काही तासांतच आतून तापतो आणि खवट होतो. त्याच दिवशी त्यात हवा खेळवून ओलावा नऊ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. हे साधन ज्याच्यापाशी नाही त्याने शेतात मिळविलेले खळ्यात घालविले, असेच होते. उत्पन्न हेक्टरी साधारण सहा ते अकरा क्विंटल येते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. कॅनडात परवाने सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली, लागवड सुमारे १४,००० हेक्टरांवर गेली. कराराने माल घेण्याचे कबूल करून शेतकऱ्यांस पेरा करावयास लावणारी एक मोठी कंपनी त्याच सुमारास बुडाली. माल कोठारांत पडून राहिला, आणि पुढच्या वर्षी क्षेत्र निम्म्याहून खाली आले. कायदा अनुकूल, वाण चांगले, शेतकरी जाणते आणि यंत्रे हाताशी, असे सर्व असताना हे घडले. नव्या पिकाचा भाव ऐकून रान नांगरायला घेणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव आणि त्याची पत आधी विचारावी, मग ते पीक कोणतेही असो.

कॅनडात २०१८ पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास घरी अनुक्रमे चार व तीन झाडे लावण्याची मुभा कायद्याने दिली आहे. कॅनडात ती संख्या घरटी आहे आणि काही प्रांतांनी सुरुवातीला तीही नाकारली होती. आपोआप फुलणाऱ्या बियाण्याविषयीचा नवख्यांसाठी म्हणून जो सल्ला सर्वत्र फिरतो, तो पुष्कळसा अशा देशांतील कुंड्यांचा व परसांचा आहे. तो वाचून आपल्याकडे काही करू जाणाऱ्याच्या मागे तेथील कायदा उभा राहत नाही.

उत्तराखंडातील परिस्थिती

कुमाऊं आणि गढवाल या डोंगरी भागांत भांगेचा दाणा भाजून, वाटून त्याची चटणी करण्याची चाल जुनी आहे. सालीच्या तंतूपासून दोर वळतात, आणि पूर्वी जाडेभरडे कापडही विणीत असत. २०१८ नंतर राज्याने तंतू व दाणा यांसाठी परवाने दिले, परंतु नशेच्या द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असले पाहिजे अशी अट घातली. अट कागदावर सोपी वाटते. शेतात ती अवघड आहे. डोंगरातील स्थानिक वाणांत हे प्रमाण बहुधा या मर्यादेपलीकडे जाते. कमी प्रमाणाचे बी बाहेरून आणावे तर ते त्या उंचीवर व त्या पावसात कसे येईल याची खात्री नसते. शिवाय भांगेचे परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात, त्यामुळे आसपास रानटी भांग असेल तर घरचे राखलेले बी शुद्ध राहत नाही. परवाना मिळाला म्हणजे पीक मिळाले असे होत नाही, हे तेथील शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा अडसर बियाण्याचा आहे. ते काम विद्यापीठांचे आहे, आणि ते एका-दोन हंगामांत होण्यासारखे नाही.

आपल्या प्रदेशात हा गुण निरुपयोगी का

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी आपोआप फुलण्याच्या गुणाने महाराष्ट्रातील शेतकऱ्यास काय मिळाले असते? थोडा हिशेब केला म्हणजे उत्तर हाती येते.

सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंत आपल्या राज्यात कोठेही वर्षातील सर्वात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या वर जात नाही. सर्वात लहान दिवस पावणेअकरा ते सव्वाअकरा तासांचा असतो. म्हणजे ज्या १४ तासांच्या मर्यादेसाठी फिनलंडच्या शेतकऱ्याने सप्टेंबरपर्यंत खोळंबून राहावे, ती मर्यादा आपल्याकडे बारा महिने ओलांडलेलीच असते. उत्तरेकडील साधी भांग आणि आपोआप फुलणारी भांग शेजारी शेजारी पेरली, तर दोन्ही लवकरच फुलतील. आणि दोन्ही ठेंगण्या राहतील. जो गुण पैसे देऊन विकत घ्यावयाचा, तो येथे सूर्यच फुकट देतो. उलट, उंच वाढ हवी असेल तर तीच येथे मिळत नाही. त्यात आपला पेरणीचा हंगाम म्हणजे जून-जुलै. काळ्या जमिनीत या दिवसांत पाणी तुंबते आणि कोवळ्या भांगेचा तर तोच शत्रू. रब्बीत पेरावे तर दिवस अधिकच लहान. तेव्हा विकणाऱ्याने ‘तुमच्या हवामानासाठीच काढलेले वाण’ असे म्हटल्यास, त्याला दिनमानाचा हिशेब विचारावा.

हाच हिशेब आपल्या नेहमीच्या पिकांना लावला तर मात्र पुष्कळ उपयोगी पडतो. तूर जूनमध्ये पेरली तर तिला वाढीसाठी मोठ्या दिवसांचे अडीच-तीन महिने मिळतात आणि झाड पुरुषभर होते. तीच तूर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली तर दिवस आधीच लहान झालेले असल्याने ती कमरेइतकी असतानाच फुलते. म्हणून रब्बी तुरीचे अंतर खरिपाइतके ठेवणे ही चूक होय. झाड रान झाकणार नाही हे गृहीत धरून ओळी जवळ घ्याव्यात आणि बी वाढवावे. सोयाबीनचेही तसेच. पाऊस लांबून पेरणी जुलैच्या उत्तरार्धात गेली की झाडास पसरण्यास अवधी राहत नाही. अशा वेळी लवकर येणारे वाण निवडून दोन झाडांतील अंतर कमी करणे एवढेच हाती उरते. आणि मूग-उडिदासारखी साठ-सत्तर दिवसांची पिके तर आपोआप फुलणाऱ्या भांगेचीच भावंडे समजावीत. त्यांचेही घड्याळ थांबत नाही. ‘पुढे कोळपू, सध्या घाई नाही’ असे म्हणणाऱ्यास मूग क्षमा करीत नाही.

अंबाडी, ताग आणि भांग यांतील फरक

नावांमुळे होणारा एक घोटाळा येथे दूर केला पाहिजे. भांगेस इंग्रजीत ‘हेम्प’ म्हणतात. परंतु तागास ‘सन हेम्प’ आणि अंबाडीस ‘डेक्कन हेम्प’ अशीही नावे आहेत. या दोन्ही पिकांचा भांगेशी काहीएक संबंध नाही. ताग हे कडधान्यांच्या कुळातील झाड आहे. हेक्टरी ५० ते ६० किलो बी पेरून सुमारे सात आठवड्यांनी फुलावर येताना गाडल्यास ते उत्तम हिरवळीचे खत होते. अंबाडी ही भेंडी-कपाशीच्या कुळातील आहे. ज्या शेतकऱ्यास तंतूच्या पिकाचीच हौस आहे त्याला या दोन पिकांत कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

मात्र अंबाडीचे वरचे पान भांगेसारखे दिसते, इतके की वनस्पतिशास्त्रातील तिच्या नावातच ‘भांगेसारखी’ असा अर्थ आहे. दुरून पाहणाऱ्याची फसगत होते, आणि निष्पाप शेतकऱ्याच्या मागे विनाकारण चौकशी लागू शकते. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने ओळख पक्की करून घ्यावी. अंबाडीचे पान कितीही खोल कातरलेले असले तरी ते एकच पान असते. बोटे तळाशी जोडलेली असतात. त्याच झाडाची खालची पाने पुष्कळदा अखंड, बदामी आकाराची असतात. खोडावर बारीक काटे लागतात, पान चावल्यास आंबट लागते, फूल मोठे, पिवळे व मध्यभागी गडद तांबूस असते. भांगेचे पान पाच, सात किंवा नऊ सुट्या पर्णिकांचे असते. प्रत्येक पर्णिका लांबट व करवती काठाची असून सर्व एका देठाच्या टोकाशी मिळतात. खालची पाने समोरासमोर येतात. पाकळ्यांचे फूल भांगेस नसतेच; नर झाडावर हिरवट-पिवळसर लोंबते तुरे, आणि मादीच्या शेंड्यावर पानांत दडलेले, हाताला चिकटणारे, उग्र वासाचे झुबके दिसतात. आपोआप फुलणाऱ्या प्रकारात हे झुबके गुडघाभर झाडावरही दिसतात, म्हणून ‘एवढे लहान रोप भांगेचे कसे असेल’ असे समजून पुढे जाऊ नये.

कपाशी, तूर किंवा मका यांच्या दाट रानात असे झाड आढळल्यास शेताच्या धारकाने काय करावे, हेही अधिनियमात स्पष्ट आहे. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लावलेल्या भांगेची खबर ताबडतोब पोलिसांस अथवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यास देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून ती न देणे हा गुन्हा आहे. कलम ४७ प्रमाणे हेच कर्तव्य प्रत्येक शासकीय अधिकारी, पंच, सरपंच व गावकामगार यांच्यावरही आहे. बटाईने किंवा खंडाने जमीन दिलेल्या वृद्ध व विधवा खातेदारांना हे कोणी सांगत नाही. जमीन दुसरा कसतो, पण धारक म्हणून नाव यांचे असते. कार्यकर्त्याने फेरीवर असताना अशा घरी मुद्दाम थांबून ही दोन कलमे समजावून द्यावीत, आणि हंगामात निदान दोनदा स्वतः बांधावरून फिरून येण्यास त्यांना सांगावे. झाड उपटून टाकण्याची घाई मात्र करू नये. ते आहे तेथे ठेवून आधी खबर द्यावी व दिलेल्या खबरीची पोच घेऊन ती जपून ठेवावी.